हातभर

समुद्र इथून वीस मिनिटांवर आहे.
तिथे कासवं आहेत, प्रवाळ आहे,
फोटोत छान येतं सगळं.
आणि आम्ही शुक्रवारी पहाटे
सोहारकडे पाठ करून डोंगराच्या अंगाला निघतो,
बंद पडलेल्या खडीच्या खाणीत
साठलेल्या पाण्यात उतरायला.

लॅबमधल्या मुली विचारतात, काय दिसतं गं तिथे?
हातभर, मी सांगते.
हात लांब केला की बोटं जातात.

जानेवारीत पाणी सतरा अंशांवर येतं.
आखातात थंडी म्हटलं की घरचे फोनवर हसतात.
हसू देत.
सात मिलिमीटरचा सूट अंगावर चढवताना
टाल्कम पावडरचा अर्धा डबा संपतो.
दादकरीम पाठ करून उभा राहतो,
चेन अडकली म्हणून ओरडले
की येऊन डोळे मिटून ओढून देतो.

कमरेला आठ किलो शिसं. दोघांच्या मध्ये दोर.
एक हिसका: ठीक आहे.
दोन: थांब.
तीन: वर चल.
चौथा आम्ही ठरवलेला नाही.

पहिले तीन मीटर दूध जास्त झालेल्या चहाचे.
मग एक रेघ लागते.
ती दिसत नाही, कपाळाला कळते.
तिच्याखालची थंडी वेगळी, शिळी,
गेल्या कुठल्यातरी हिवाळ्यातली राहून गेलेली.
टॉर्च लावला तर उजेडच अंगावर येतो,
म्हणून विझवते.
डायल डोळ्यांसमोरच्या काचेला टेकवून वाचते.
बाकीचं बोटांनी.

आठवडाभर मी काचपट्टीवरचा एकेक थेंब
चारशे पट मोठा करून बघत असते.
पेशी मोजते. शंका आली तर पुन्हा मोजते.
बाटलीवर कुणाचं तरी नाव असतं.
इथे मोजायची ती फक्त हवा.

मेहकरला मळ्यातल्या विहिरीत
आप्पाकाकांनी पाठीला भोपळा बांधून मला ढकललं होतं.
पोहता येतं म्हणजे काय,
तर तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं.
मी तीनदा रिकामी आले.
चौथ्यांदा पायरीखालच्याच चिखलाने मूठ भरली
आणि काठावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी अकरा मीटरवर दोर सैल पडला.
हिसका दिला. उत्तर नाही.
नियम असा, की एक मिनिट शोधायचं, मग वर.
केवढं असतं एक मिनिट,
ते स्वतःच्याच बुडबुड्यांत ऐकत
दोर गोळा करत गेले.
लोखंड लागलं. साखळीपट्टा. पायरी.
दार नसलेली चौकट.
पोकलेन होतं, अख्खं, उभंच्या उभं,
आणि सीटवर एक गुडघा, दादकरीमचा.
त्याने माझा हात चाचपडत धरला,
डावीकडच्या दांड्यावर ठेवला, त्यावर आपला.
जोर दिला. पुन्हा दिला.
गंजलेलं काहीतरी हललं,
कानाला नाही, मनगटाला कळलं.
मग दोराला एक हिसका.

वर आल्यावर गाडीच्या मागच्या फळीवर
स्टोव्ह पेटायला वेळ लागला. वारा होता.
ओठ निळे, हिंदी तुटक.
“चौदा वर्षं हीच मशीन होती माझ्याकडे.
वादी आली रात्री, आम्ही पळालो.
सेफ्टी लावली की नाही, तेवढंच आठवायचं नाही.
नऊ वर्षं.”
मग?
“नव्हती लावली.”
त्याने दोन्ही हात कपाभोवती धरले.
“आता लागली.”

मी ग्लोव्ह उलटा केला
तर बोटाबोटांत गाळ, काळा, बारीक.
आप्पाकाकांना जाऊन सहा वर्षं झाली.
दादकरीमला दाखवला.
धुऊन टाक, तो म्हणाला,
वास मारतो.